चांगुणा आत कशी गेली

त्या दिवशी चांगुणानं लेकीसाठी अंबाडीची भाजी केली होती, आणि लेकीनं ती दोनदा मागून घेतली होती. त्यापलीकडे लक्षात ठेवावं असं त्या दिवसात काही नव्हतं. बुधवार होता. गावात गणपती बोळवायची गडबड चालली होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून तारामती आदल्या संध्याकाळीच नांदेडहून माहेरी, निलंग्याकडच्या करवंजीला आली होती. नांदेडहून रोज एसटीनं लोह्याला जाऊन तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचा, असं तिचं अकरा वर्षं चाललं होतं. वस्तीतली पहिली शिकलेली बाई ती. बौद्धांच्या त्या तीसेक घरांत एखादं पोर शाळेला जायला नाही म्हणालं, की त्याला तारामतीचं नाव ऐकवलं जाई. पोरं त्यामुळं तिच्यावर मनातून खार खाऊन असत.

ती आली होती धाकट्या भावाच्या पत्रामुळं. व्यंकट लातूरला आयटीआयला होता. त्यानं लिहिलं होतं, माय अजून अंगणातच निजते, सगळा पावसाळा तिनं तिथंच काढला, आता खोकते आहे, बाबांचं ऐकत नाही. आक्का, तू ये आणि तिला सांग. तुझं ती ऐकते.

अंगणात निजण्याला वर्ष होत आलं होतं. आदल्या साली दिवाळीच्या तोंडावर जमीन हलली होती. पडलं-झडलं काही नाही. उतरंडीची मडकी वाजली, जनावरांनी दावी तोडली, आणि भुईच्या पोटातून दगड भरलेली बैलगाडी जावी तसा आवाज झाला. तो आवाज पुढं कितीतरी दिवस अधूनमधून येत राहिला. सगळं गाव रानात निजायला गेलं. मग एक साहेब जीपमधून आले आणि पारावर उभं राहून म्हणाले की हा भूकंपाचा भाग नाही, घाबरायचं कारण नाही. हळूहळू लोक घरात परतले. थंडी पडली होती, आणि माणूस भिऊन भिऊन तरी किती दिवस भिणार. चांगुणा तेवढी परतली नाही. तिनं आपली बाज अंगणात, पत्र्याच्या पडवीला लावून ठेवली ती ठेवलीच.

घर तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं, स्वतःच्या हातानं बांधलेलं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता तो दगड घडवायला शिकला होता. तोवर वस्तीवर सगळी कुडाची घरं. तुराट्यांचा कूड, वर शेणामातीचा लेप आणि पाचटाचं छप्पर. ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला, त्याच साली ताराला नोकरी लागली, आणि ग्यानोबानं दोन हात रुंद भिंतींचं, माळवदाचं घर उभं केलं. पाटलाच्या घरासारखं. तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दरसाल मिरगाच्या आधी तो वर आणखी पाट्या टाकायचा. दहा-अकरा वर्षांत तो थर हातभर जाड झाला होता. जुनी माती काढायची कुणाचीच रीत नव्हती. माळवदावर माती टाकायची असते, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

दुपारी ग्यानोबा जेवायला घरी आला. ज्वारी हुरड्याला आली होती आणि डुकरांचा उपद्रव होता, म्हणून तो आठ दिवस शेतातच राखणीला होता. बाज बघून त्यानं लेकीला ऐकवलं की तुझ्या मायला दगडाचं घर बांधून दिलं तर ते तिनं उंदरांना देऊन टाकलं. चांगुणा म्हणाली, उंदीर तरी बरे, घोरत नाहीत. तो हसला, रात्रीची भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि गेला. बाज तेव्हा अंगणात होती.

तो गेल्यावर तारामतीनं पिशवीतून आठवीचं पुस्तक काढलं. मुद्दामच आणलं होतं. मायजवळ बसून तिनं त्यातला धडा वाचून दाखवला. दख्खनचं पठार हा फार जुना, कठीण खडकाचा आणि स्थिर भूभाग आहे, असं त्यात होतं. चांगुणाला वाचता येत नव्हतं, पण लेक वाचायला लागली की ती हातातलं काम बाजूला ठेवून, पदर सारखा करून ऐकायची.

"स्थिर म्हंजी?" तिनं विचारलं.

"जागचं हलत न्हाई ते."

चांगुणानं जरा विचार केला. "आपून व्हतो तिथंच व्हतो, अन् सरकारनं एका कागदावर उस्मानाबादचं लातूर केलं. जिल्हा सरकतो, अन् भुई तेवढी सरकत न्हाई म्हन्तीस."

तारामतीला हसू आलं. जिल्हा माणसं करतात, ती म्हणाली, जमीन कोण करतं?

"छापलंय व्हय त्यात तसं?"

"हाव. छापलंय."

"मंग धर तिकडून," चांगुणा उठून म्हणाली.

बाभळीच्या जड चौकटीची ती बाज एकट्या माणसाला उचलायची नाही. डोक्याकडून चांगुणानं धरली, पायाकडून तारामतीनं. दार अरुंद, म्हणून आडवी करून, एक पाय आधी आणि एक मागून अशी ती आत घ्यावी लागली. शेजारच्या कुडाच्या घरापुढं सरजाबाई उडीद पाखडत होती. तिनं मान वर करून विचारलं, आणली का लेकीनं मायला ठिकाणावर? चांगुणा आतूनच म्हणाली, आणली बाई, पुस्तक दाखवून आणली. तीनच्या गाडीनं तारामती नांदेडला निघाली. खोकल्याचं औषध व्यंकटकडून पाठवते म्हणाली. माय काय म्हणाली ते तिला पुढं कधी आठवलं नाही.

पहाटे चारच्या सुमाराला नांदेडच्या भाड्याच्या घरात मांडणीवरचे स्टीलचे डबे वाजले. नवरा झोपेतच म्हणाला, ट्रक गेला असेल. तारामती उठून बसली. भिंतीला लावलेली पुस्तकांची रांग बोटभर पुढं आली होती. ती तिनं हातानं मागं सारली आणि पुन्हा आडवी झाली. झोपही लागली तिला. सात वाजता रेडिओवर भूकंपाचं सांगितलं.

ती करवंजीला पोचली तेव्हा पाऊस सुरू झाला होता, आणि गाव कुठून सुरू होत होतं ते कळत नव्हतं. पाटलाचा वाडा नव्हता, आणि ग्यानोबाचं घरही नव्हतं. दोन्हीकडं सारखेच ढीग. सरजाबाईचं कुडाचं घर मात्र एका अंगाला कललं होतं, तेवढंच. सरजाबाईनं पहाटेपासून आपल्या हातांनी ग्यानोबाच्या घराचे दगड काढले होते. तिची नखं गेली होती. चांगुणाला लोकांनी आधीच बाहेर काढलं होतं. ग्यानोबा तिच्याजवळ बसून तिच्या केसांतली माती काढत होता. पांढरी माती, भिजली की ती चिकटते, निघत नाही.

त्या वेळी तारामती रडली की नाही, हे तिला सांगता येणार नाही.

आठव्या दिवशी, पत्र्याच्या शेडमध्ये वस्तीतली उरलेली माणसं चहा घेत बसली होती. ग्यानोबा इतके दिवस बोलला नव्हता. तो कुणाकडंच न बघता म्हणाला, "मी गेलो तव्हा बाज आंगणात व्हती. आत कुणी नेली?"



"एकटीला उचलत न्हाई ती," तो म्हणाला. "कुणीतरी हात लावला असंल."

तारामती चहाचे पेले देत होती. ती सांगणार होती. पुढल्या सगळ्या वर्षांत तिनं स्वतःला अनेकदा विचारलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं: ती सांगणार होती, तोंड उघडलंही होतं. पण तिच्या आधी सरजाबाई बोलली.

"मी लावला, भावजी. सांजच्याला भुरभुर आली व्हती. मीच म्हनले, चांगुणा, आत नीज."

ग्यानोबानं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेला खाली ठेवला. तारामतीनंही सरजाबाईकडं पाहिलं, आणि सरजाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. एवढ्यात कुणीतरी ब्लँकेट वाटायला आलं, माणसं उठली आणि बोलायची वेळ निघून गेली. दुसऱ्या दिवशी सांगू असं तारामतीला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर ग्यानोबानं आपलं अंथरूण उचलून शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं होतं. त्यानंतर तो सरजाबाईशी बोलला नाही. तिच्या दारातून गेला नाही, तिच्या घरचं काही तोंडात घातलं नाही. तिच्या नवऱ्याच्या मयताला तो वेशीपर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला.

न बोललेली गोष्ट पहिल्या आठवड्यात बोलता येते. महिन्यानं अवघड जाते. वर्षानं ती घरातल्या जड लाकडी पेटीसारखी होते. सगळे तिच्या बाजूनं वळसा घालून चालायला शिकतात. तारामती शिकली. शाळेत तो धडा आला की ती मुलांपैकी कुणाला तरी उभं करून वाचायला लावायची आणि स्वतः खिडकीजवळ उभी राहायची. पुढं पुस्तकातली वाक्यं बदलली, तरी तिची सवय बदलली नाही. भूकंपाबद्दल हाती लागेल ते ती वाचत गेली. मराठीत फारसं नव्हतं, म्हणून इंग्रजी शब्दकोश घेऊन वाचत गेली. जुन्या खडकातही ताण साठतो, शेकडो वर्षं साठत राहतो, वरून काही कळत नाही, हे तिला आता कुणापेक्षाही चांगलं सांगता आलं असतं. मधे काही वर्षं नांदेडातच जमिनीतून आवाज यायचे, भांडी थरथरायची, माणसं चादरी घेऊन मैदानात येऊन बसायची. गल्लीतल्या बायका तिला विचारत, मॅडम, तुम्ही वाचलेल्या आहात, घरात जावं का? ती म्हणायची, मला माहीत नाही. बायकांना वाटायचं, शिकलेली असून शिष्ट आहे.

सरजाबाईला तिनं एकदाही विचारलं नाही की तू असं का केलंस. माहेरी गेली की मावशी म्हणून तिच्या पाया पडायची, साडीचोळी द्यायची. सरजाबाई घ्यायची आणि दुसरं काहीतरी बोलायची.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात व्यंकटचा फोन आला. तो आता निलंग्याला एसटीच्या आगारात होता आणि पुनर्वसनाच्या नव्या करवंजीत बाबांना घेऊन राहत होता. त्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं. खेड्यांत टँकर यायचा, आला तर तिसऱ्या दिवशी. करवंजीतले सगळे हापसे आटले होते, एक सोडून. तो एक सरजाबाईच्या दारापुढं होता.

"अन् बाबा त्याचं पाणी पीत न्हाईत," व्यंकट म्हणाला. "आम्ही सगळे पितो. त्यांची कळशी येगळी. दोन किलोमीटर चालून पाटलाच्या विहिरीवर जातात, ऐंशीच्या वर वय, हे ऊन. काल वाटंत पडले. गुडघा फुटलाय. दुसरं दुखणं काही न्हाई आक्का, म्हातारा हट्टाला पेटलाय एवढंच. तू ये. तुझं ऐकतेत ते."

तारामतीनं फोन ठेवला. तुझं ऐकतात, हे वाक्य तिला आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. नांदेड ते लातूर, लातूर ते निलंगा, आणि तिथून वडापच्या जीपमधून. छप्पन वर्षांची झाली होती, नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि एवढ्या प्रवासानं पाय सुजत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे वाळलेले खोडवे उभे होते. जीपमधली माणसं बोलायला थकली होती. बायकांच्या मांडीवर रिकामे कॅन. नवी करवंजी लांबून आगपेट्या मांडल्यासारखी दिसते. सगळी घरं एकसारखी, सिमेंटची, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बाजूला एक पत्र्याची खोली. तेवीस वर्षं झाली तरी म्हातारी माणसं त्या पत्र्यातच निजतात. मे महिन्यातही.

चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा सरजाबाईचं घर ग्यानोबाच्या बरोबर समोर आलं होतं. मधे एक गल्ली. तारामती आधी तिथंच गेली.

हापशापुढं कळश्यांची रांग होती, पण बाया नव्हत्या. रांगेत कळश्याच बसवून ठेवल्या होत्या. सरजाबाई उंबऱ्यावर बसून रांगेवर लक्ष ठेवत होती. फार वाळली होती. तारामती पाया पडली तशी म्हणाली, उन्हाची कशाला आलीस, आणि तांब्या पुढं केला. तारामती प्यायली.

"घे, तू तरी पी," सरजाबाई म्हणाली. "तुझ्या बापानं मला वाळीत टाकलंय. पाटलाच्या म्हातारीनं पाळलं न्हाई एवढं सोवळं पाळतो माझ्यासंगं. अन् पाणी कुठून आणतो, तर त्याच विहिरीवरून. ल्हानपणी आमाला काठाला हात लावू देत न्हवते, तुला ठाव हाय का? वरून वतायचे, ओंजळीत. आता ऐटीत पोहरा सोडतो." ती हसली आणि हसता हसता खोकली.

तारामतीनं तांब्या खाली ठेवला. इतक्या वर्षांचा प्रश्न तिच्या तोंडातून अगदी साधा निघाला. "मावशी, तू तव्हा खोटं का बोललीस?"

सरजाबाईनं रांगेतली एक कलंडलेली कळशी नीट केली. घाई नव्हती तिला.

मग तिनं सांगितलं. एका दमात नाही, मधेमधे थांबत. त्या दिवशी शेडमध्ये वस्तीतली सगळी पोरं बसली होती. त्यांना रोज सांगितलं जायचं, शिका, तारासारखं व्हा. बाबासाहेबांनी तेवढंच सांगितलंय, दुसरं आपल्याकडं आहे काय. आणि तेव्हाच तू म्हणाली असतीस की मी पुस्तक वाचून दाखवलं आणि माय आत जाऊन मेली, तर? म्हाताऱ्यांनी काय म्हटलं असतं? पोरं उद्या शाळेत गेली असती का? तिची स्वतःची नात तेव्हा पहिलीत होती. ती नात आता उदगीरला नर्स आहे.

"एकटी तूच व्हतीस आमच्यात वाचणारी," सरजाबाई म्हणाली. "तुझा शब्द पडू द्यायचा न्हवता मला. मी अडाणी, माझं काय जातंय. अन् तुझ्या बापाला कुणावर तरी राग काढायला पायजे व्हता. न्हाईतर तो बघत बसला असता, माळवदाच्या त्या मातीकडं. सोताच्या हातानं टाकलेली."

गल्लीच्या पलीकडं पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बाजेवर कुणीतरी पडलेलं दिसत होतं.

"म्हनलं, दोन-चार वर्सांत इसरंल," सरजाबाई म्हणाली. "न्हाई इसरला. मला काय वाटत न्हाई म्हनू नको तू. रोज दारात बसून बघते, जाताना मान फिरवून जातो. माझ्या दीराच्या बरोबरीचा तो. माझ्या लग्नात ह्यानं डोक्यावर बत्ती धरली व्हती." ती थांबली. "तू सांग म्हनत न्हाई मी. आता काय फायदा. पर मी जायच्या आधी त्यानं एकदा हितून घोटभर पाणी न्यावं, एवढं वाटतं. बाकी काय न्हाई."

तारामतीला तिचे हात दिसत होते. नखं आली होती, पण वेडीवाकडी, जाड. तेवीस वर्षं ते हात तिनं पाया पडताना पाहिले होते आणि डोळे काढून घेतले होते.

तिनं सरजाबाईकडून एक तांब्या मागून घेतला. हापशाचा दांडा चार-पाच वेळा कोरडाच खाली-वर झाला, मग आतून घरघर आली आणि गढूळसर पाणी पडलं. तिनं ते पदरानं गाळून तांब्यात भरलं आणि गल्ली ओलांडली. व्यंकटची बायको उमा ओट्यावर होती; तिला तारामती म्हणाली, मला बाबांशी जरा बोलायचंय. उमा आत गेली.

पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. ग्यानोबा उताणा पडला होता. गुडघ्याला फडकं बांधलेलं. लेकीला बघून त्याला बरं वाटलं. उठून बसायला लागला, तिनं हात दिला. नांदेडला पाणी आहे का, शाळा कशी चालली, नवरा कसा आहे, असं त्यानं एकेक विचारलं. लातूरला तो अजून नवा जिल्हाच म्हणायचा. नव्या जिल्ह्याला आगगाडीनं पाणी येतं म्हणे, म्हणाला, रेल्वेत बसून पाणी आलेलं मी अजून बघितलं न्हाई. मग त्यानं तांब्याकडं हात केला. ओठ फुटले होते त्याचे. तांब्या तोंडाजवळ नेला आणि थांबला.

"कुठलं हाय?"

खोटं बोलणं सोपं होतं. टँकरचं, म्हटलं असतं तर तो प्यायला असता. तेवढं तरी पोटात गेलं असतं.

"सरजामावशीच्या दारचं," तारामती म्हणाली.

त्यानं तांब्या खाली ठेवला. रागानं नाही. वयानं राग राहिला नव्हता, सवय राहिली होती. म्हणाला, तुला ठाऊक असून का आणलंस. म्हणाला, त्या दिवशी भुरभुर आली म्हणते ती. मी रानात होतो, माझ्यावर थेंब पडला नाही. अर्ध्या कोसावर होतो मी. थेंब नाही. कशाला नेली असेल तिनं आत? काय वाकडं केलं होतं चांगुणानं तिचं? हे त्यानं इतक्या वेळा स्वतःला विचारलं होतं की शब्द आता घासून गुळगुळीत झाले होते. त्यात विचारणं उरलंच नव्हतं.

तारामती बाजेच्या कडेला बसली. तिला वाटलं होतं, कधी काळी सांगायची वेळ आली तर आधी काहीतरी समजावून सांगावं लागेल. जुन्या खडकाबद्दल, ताणाबद्दल, त्या वेळच्या पुस्तकांत काय होतं आणि कुणाकुणाला काय माहीत नव्हतं त्याबद्दल. ती वाक्यं तिच्याकडं तयार होती, कितीतरी वर्षांपासून, फार चांगली वाक्यं. ती तिनं तशीच राहू दिली. बाहेर हापशावर कुणीतरी आलं होतं; दांड्याची करकर ऐकू येत होती. ग्यानोबा तिच्याकडं बघत होता. म्हाताऱ्या माणसाचे पाणावलेले डोळे, पण नजर साफ. त्यातून तो अजून तिच्यावर विश्वास ठेवून बघत होता, आणि तेच तिला सगळ्यात अवघड गेलं.

"भुरभुर आली न्हवती, बाबा," ती म्हणाली. "तुमी म्हन्ता तेच खरं. थेंब न्हवता."

ग्यानोबानं मान हलवली.

"मावशीनं हात लावला न्हाई. ती दारात उडीद पाखडत व्हती. तुमी जेवून गेलात, अन् मी मायला पुस्तक वाचून दाखवलं, की हितली जमीन हलत न्हाई. ती दोनदा विचारली मला. छापलंय का म्हनून विचारली. मी हाव म्हनले." तिचा आवाज शाळेत हजेरी घेताना असतो तसा सपाट निघत होता. तो तसाच असावा, मोडू नये, एवढंच तिनं पाहिलं. "डोक्याकडून बाज तिनं धरली, बाबा. पायाकडून मी. माय आत जात न्हवती. मी नेली तिला आत."